लारवूडबाईंचं शेत आणि तुमच्या बंधुराजांचे कान

मु. ग्रेट टॉफ्टन, नॉर्फोक
सुगीचा सण आटोपल्यानंतरचा सोमवार

ती. मुरिएलवन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर जेवढं वाकू देते तेवढं. उरलेला नमस्कार समजून घ्यावा.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे जेवढं ठीक असणं या घराला झेपतं तेवढे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? नव्या डॉक्टरने जिने चढायला सांगितलेत असं तुम्ही लिहिलं होतं, तर तो डॉक्टर वयाने फार लहान असावा असं माझं मत आहे. स्कारबरोच्या तुमच्या खिडकीत येऊन तळलेले बटाटे मागणारा तो उद्धट सीगल पक्षी अजून येतो का? त्याला एकदा दिलंत तिथेच चुकलं. तुम्ही पाठवलेला संत्र्याचा मुरांबा सुखरूप पोचला. अर्धी बरणी संपली. म्हणजे तुमच्या बंधुराजांनी संपवली, मी फक्त बिघडला नाही ना एवढं बघत होते. पत्र आज लांबणार आहे, तेव्हा चष्मा आणि चहा दोन्ही जवळ घेऊन बसा.

तर बातमी अशी की लारवूडबाई आपलं ओढ्याकाठचं शेत मोडून तिथे तळं खणणार. उन्हाळ्यात बटाट्याला पाणी पुरत नाही म्हणून हिवाळ्याचं पाणी साठवून ठेवायचं आहे, आणि त्यासाठी महिनाअखेरीस खणायची यंत्रं येणार असं ठरलं होतं. तुम्ही म्हणाल, शेत बाईंचं, तळं बाईंचं, बेरिल, तुला काय त्याचं? पण वन्सं, ते शेत कागदावर लारवूडबाईंचं असलं तरी मनाने तुमच्या भावाचं आहे. बस चालवायची नोकरी लागून आम्ही या गावात आलो, कुणीतरी त्यांच्या हातात मेटल डिटेक्टर दिला, आणि थोरल्या लारवूडसाहेबांनी ओढ्याकाठी फिरायची परवानगी दिली, तेव्हापासून कापणी झाल्यापासून पेरणी होईपर्यंतचा एकही रविवार हा माणूस घरात जेवलेला नाही. परवानगीच्या बदल्यात दर नाताळला शेरीची एक बाटली आणि माझा फळांचा केक पोचता होतो, आणि जमिनीतून निघेल त्यातलं निम्मं मालकाचं. (आजवर निघालेला ऐवज म्हणजे घोड्याचे नाल, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, विजारीची बटणं आणि बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं. थोरल्या लारवूडसाहेबांनी मरण्यापूर्वी हात जोडून यांना सांगितलं होतं, थर्टल, माझं निम्मंही तुम्हीच घेऊन जा.) चांदीची चार-पाच जुनी नाणीही निघाली, नाही असं नाही. ती दिवाणखान्यात काचेखाली आहेत आणि त्यांच्यावरची धूळ मी पुसलेली चालत नाही.

आता यातलं शास्त्र तुम्हाला थोडं सांगावंच लागेल. मला तरी कुठे हौस होती, पण जेवणाच्या टेबलावर सक्तीने शिकवलं तर काय करता? वरवर पडलेली वस्तू शोधायला अक्कल लागत नाही. डिटेक्टरच्या काठीच्या टोकाची ती थाळी वरून गेली की हेडफोनमध्ये ठणाणा होतो आणि आपण उकरतो. पण खरं जुनं नाणं तिथे राहत नाही. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि नाणं हळूहळू खाली खाली जातं. (हे कळल्यापासून मी बागेतल्या गांडुळांशी जरा अदबीने वागते.) इतक्या खोलवरून आवाज येत नाही, कुजबुज येते. हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण सतत चालू असते, आणि नाण्यावरून थाळी गेली की ती गुणगुण एवढीशी अडखळते, बस्स. म्हणून थाळी मातीला टेकवून न्यायची, कूर्मगतीने न्यायची, मागच्या फेरीतला निम्मा पट्टा पुन्हा पुढच्या फेरीत घ्यायचा. सगळं शेत उभं झालं की तेच शेत आडवं घ्यायचं. पाऊस पडून माती ओली झाली की जायचं. लोखंड वगळायचं बटण बंद ठेवायचं, कारण ते लोखंडाबरोबर कुजबुजही गिळून टाकतं. शंका आली तर वरची वीतभर माती काढून पुन्हा ऐकायचं. थोडक्यात, यंत्र कितीही भारीतलं घ्या, शेवटी ऐकायचं माणसालाच असतं.

आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं. तुमच्या बंधुराजांना ऐकू येत नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पाववाल्याला आणि चर्चच्या पाद्र्यांना ठाऊक आहे, पाद्र्यांनी तर प्रवचनाचा आवाज त्यांच्यासाठी वाढवला आणि त्यापायी बाकीच्या मंडळींना झोप मिळेनाशी झाली. ठाऊक नव्हतं ते फक्त खुद्द क्लिफर्डला. इस्पितळातून कानात घालायचं यंत्र कधीच मिळालेलं आहे, मऊ बदामी रंगाचं, एका कानाला एक. ते त्यांनी तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवलं. त्या डबीत शेतात सापडलेल्या, ओळख न पटलेल्या शिशाच्या गोळ्या असतात आणि डबीवर चिठ्ठी आहे, "नंतर बघू". वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं, मला त्या डबीचा फार राग यायचा. दिवसभर मी या घरात बोलायची आणि ऐकायला कुणी नसायचं. शेजारणीचा मुलगा परत आला, दुधाचा भाव वाढला, मला आज जरा बरं वाटत नाही, सगळं एकाच भिंतीवर आपटून परत यायचं. ओरडून सांगितलं तर म्हणणार, ओरडतेस कशाला? आता ते शेत पाण्याखाली जायच्या आत या माणसाला तिथली एक तरी कुजबुज ऐकू यावी, आणि त्या निमित्ताने ते यंत्र एकदाचं कानात जावं, एवढंच मला या सुगीत हवं होतं. मी सांगून काही उपयोग नव्हता, ते नाण्यानेच सांगायला हवं होतं.

पहिला प्रयोग मी परसात केला. या छंदातले लोक आपलं यंत्र पारखायला बागेत मुद्दाम नाणी पुरतात, कुठे वीतभर, कुठे दीड वीत, आणि वर काटक्या रोवून खूण करतात. ही युक्ती मला क्लिफर्डनेच शिकवलेली. मी घेवड्याच्या वेलांमध्ये एकाहून एक खोल अशी एक रांग पुरली आणि म्हटलं, जरा तुझी काठी फिरवून बघ. पहिल्या काटकीला त्यांनी मान डोलावली. दुसरीला डोलावली. तिसरीपासून पुढे शांतता. मी टोपली हातात घेऊन वाट बघत उभी. आता म्हणतील, आता म्हणतील. आणि म्हणाले काय, तर "मातीत दोष आहे." दुसऱ्या दिवशी दोष नाण्यांचा निघाला. नवं पुरलेलं नाणं नीट बोलत नाही म्हणे, त्याला मातीत मुरावं लागतं. (हे खरंही आहे, हीच तर पंचाईत. या माणसाची प्रत्येक सबब कुठल्या ना कुठल्या पुस्तकात छापलेली सापडते.) शेवटी दोष थाळीचा ठरला आणि परातीएवढी मोठी थाळी मागवली गेली, खोलवरचं ऐकू यावं म्हणून. ती इतकी जड, की तिला खांद्यावरून पट्ट्याने टांगावं लागतं. आठवडाभर मी एका बाजूला कलंडलेल्या नवऱ्याच्या पाठीला मलम चोळत होते. ऐकू यायचं ते तेवढंच येत होतं.

मग मीच माळ्यावरचा जुना डिटेक्टर उतरवला आणि रविवारी त्यांच्यामागून शेतात गेले. तुमचे बंधुराज इतके खूश झाले की मला अपराधी वाटलं. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी बायकोला गोडी लागली. थर्मास स्वतः धरला, मला कोरडी वाट दाखवली, थाळी कशी धरायची ते मागे उभं राहून शिकवलं. (लग्नाआधी नाच शिकवताना असेच उभे राहिले होते. तेव्हाही पाय माझ्याच पायावर दिला होता.) मी मुकाट्याने सांगितलं तसं करत गेले. ओल्या मातीचा वास, ओढ्यावरचं धुकं, कानात ती बारीक गुणगुण, खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

या लोकांत एक रीत आहे. कुजबुज आली पण खात्री वाटेना, तर लगेच खणायचं नाही. हात वर करून सोबत्याला बोलवायचं, हेडफोन त्याच्या कानाला द्यायचे, थाळी आपण फिरवायची आणि त्याने निकाल द्यायचा. एकाचे कान फसतील, दोघांचे सहसा फसत नाहीत. मला पहिली कुजबुज आली तसा मी हात वर केला. क्लिफर्ड आले, हेडफोन लावले, डोळे मिटले, मान एका अंगाला कलती केली. पाद्रीसुद्धा इतक्या गंभीरपणे उभे राहत नाहीत. मग डोळे उघडून म्हणाले, "खिळा." दुसऱ्या कुजबुजीलाही खिळा. तिसरीलाही खिळा. ते लांब गेल्यावर मी तिसरा खिळा खणून काढला, तर जवळजवळ कोपरापर्यंत हात गेल्यावर नखाएवढं चांदीचं नाणं निघालं, त्यावर डोळे वटारलेला कुठलासा राजा. मी ते दाखवलं तेव्हा क्लिफर्डने पाठ थोपटली आणि म्हणाले, "खिळ्याशेजारी पडलं असणार."

बांधावर लारवूडबाई कुत्रं घेऊन उभ्या होत्या. त्यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. मला म्हणाल्या, "काय गं बेरिल, इतकी वर्सं शेत तुझ्या नवऱ्याला दिलं ते चुकलंच म्हणायचं माझं!" त्या हसत होत्या, पण क्लिफर्ड तिथेच उभे होते. ऐकू आलं नव्हतं, तरी बाईंची मान कुणाकडे वळली आणि कुणाकडे नाही हे दिसायला कान लागत नाहीत. परत येताना पूर्ण वाट ते माझ्या पुढे दहा पावलं चालले.

आणि मग पुढच्या रविवारी मी जे केलं ते काही चांगलं केलं नाही. जाणूनबुजून केलं. हात वर केला, त्यांना बोलावलं, हेडफोन त्यांच्या कानाला दिले, आणि देता देता माझा डिटेक्टर बंद करून टाकला. थाळी फिरवत राहिले. तुमच्या बंधुराजांनी डोळे मिटले. मान कलती केली. "जरा सावकाश फिरव," म्हणाले. मी सावकाश फिरवली. "पुन्हा." पुन्हा फिरवली. मग जाहीर केलं, "खिळा. मोठा आहे. तिरपा पडलाय."

तिरपा, वन्सं! आठवडाभर मी या क्षणावर मनातल्या मनात हसत होते. आणि मग त्यांनी डोळे उघडले, डिटेक्टरच्या डब्यावरचा विझलेला दिवा बघितला, आणि मला हसू आलं नाही. त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून माझ्या हातात दिले आणि बांधावर जाऊन बसले. मीही जाऊन बसले.

"मागच्या सुगीपासून खोलवरचं काहीच ऐकू येत नाही, बेरिल," ते म्हणाले. "ती गुणगुणसुद्धा नाही."

"मग रविवारभर इथे येऊन करतोस काय?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"चालतो. काठी फिरवतो. मधूनच एखादा खड्डा खणतो, लारवूडबाई खिडकीतून बघत असतील म्हणून."

"अरे, मग सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू ते कानातलं घाल म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"ते घातलं की मी म्हातारा."

"आणि नाही घातलंस की?"

"नाही घातलं की डिटेक्टर बिघडलेला."

या माणसावर एकाच वेळी राग यावा आणि त्याला कुशीत घ्यावंसं वाटावं, असं मला लग्नानंतर पुष्कळदा झालं आहे, पण इतकं कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि जेवढ्या मोठ्याने सांगायचं तेवढ्या मोठ्याने सांगितलं (ओढ्यातली बदकं उडाली), की क्लिफर्ड, तुला नाणी मागच्या सुगीपासून ऐकू येत नाहीत, पण मी तुला त्याच्याही कितीतरी आधीपासून ऐकू येत नाहीये. नाणी काय, ती वाट बघतील, त्यांना सवय आहे. मला नाही. त्यांनी थर्मास पुढे ओढला. मग म्हणाले, "थर्मासमध्ये चहा उरलाय का?" उरला होता. घरी गेल्यावर त्यांनी ती डबी उघडली, शिशाच्या गोळ्या बाजूला केल्या आणि यंत्रं पुसून दिव्याखाली धरून पाहिली.

इथे गोष्ट संपली असती तर पत्र एवढं लांबलं नसतं. पुढच्या रविवारी तुमचे बंधुराज दोन्ही कानांत यंत्रं घालून, वर हेडफोन चढवून शेतात उतरले, आणि चार पावलं टाकतात न टाकतात तोच त्यांनी हात उंच केला. कुजबुज नाही म्हणाले, शीळ आहे! स्पष्ट, लांबलचक, खोलवरून येणारी. माझ्या काठीला तिथे काही लागेना. "तुझी थाळी लहान पडते," असं म्हणून त्यांनी खणायला घेतलं. गुडघाभर खड्डा झाला, काही नाही. पण शीळ चालूच. दोन पावलं बाजूला गेले, तिथेही शीळ. तिथे खणलं. ओढ्याच्या बाजूला गेले, शीळ तिकडेही! त्यांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका, म्हणे जमिनीखाली एखाद्या राजाचं अख्खं भांडार पसरलंय आणि आपण त्याच्या डोक्यावर उभे आहोत. दुपारपर्यंत शेताची चाळण झाली. ते कमरेइतक्या खड्ड्यात उभे, मी वर मातीचे ढीग सावरत उभी, तेव्हा लारवूडबाई आल्या. सगळे खड्डे डोळ्यांखालून घालून म्हणाल्या, "काय ओ थर्टल, तळं खणायला मानसं ठरवलीत की मी! तुमी कशाला तसदी घेताय?"

ते आता बाईंचं बोलणं ऐकू येत असल्यामुळे रागावले आणि उत्तर द्यायला त्यांनी हेडफोन काढले. शीळ थांबली. घातले, शीळ सुरू. काढले, बंद. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कानातल्या यंत्रावर हेडफोन दाबून बसले की यंत्र स्वतःच शीळ घालतं, हे आम्हाला इस्पितळातल्या मुलीने नंतर सांगितलं, आणि सांगताना ती बिचारी फार सभ्यपणे वागली. म्हणजे तुमचा भाऊ सकाळपासून स्वतःच्या कानाचा माग काढत नॉर्फोक खणत होता. आणि वन्सं, तो जो हसला! खड्ड्याच्या काठावर डोकं टेकवून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकला, आणि त्यानेही. मग आम्ही संध्याकाळपर्यंत एकेक खड्डा बुजवत बसलो, कारण खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय शेत सोडायचं नाही हा यांचा पहिला नियम आहे, आणि बाई कुत्र्याला घेऊन बांधावर देखरेखीला थांबल्या.

इलाज त्या मुलीनेच सुचवला. कान आणि हेडफोन यांच्या मध्ये लोकरीचं काहीतरी जाड घाला म्हणाली, दाब पडणार नाही. घरात चार टोप्या आहेत, एकही बसेना. शेवटी मी चहा गार होऊ नये म्हणून किटलीला घालतात ती लोकरी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर घातली. किटलीची तोटी आणि कान यांच्यासाठी तिला दोन बाजूंना दोन भोकं असतात ना? ती भोकं बरोबर यंत्रांवर आली आणि हेडफोन कडेच्या लोकरीवर टेकून राहिले. जणू त्यांच्यासाठीच विणली होती. (हिरवी, वर पिवळा गोंडा असलेली. तुम्हीच दिलेली, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. तिचा उपयोग कळवावा की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.)

काल शेवटचा रविवार होता. फाटकाशी पिवळी खोदयंत्रं येऊन उभी राहिली होती. रात्री पाऊस पडून गेला होता, माती हवी तशी ओली. तुमचे बंधुराज डोक्यावर किटलीची टोपी, वर हेडफोन, असे बांधापासून निघाले, अगदी सावकाश. मी माझा डिटेक्टर बाजूला ठेवला आणि नुसती बघत राहिले. दुपार टळत आली, काही नाही. मी मनात म्हटलं, एक खिळा तरी द्या हो याला, पण खोलवरचा द्या.

मग ओढ्याजवळच्या कोपऱ्यात ते थांबले. थाळी मागे आणली. पुढे नेली. पुन्हा मागे. आणि हात वर न करता, मला न बोलवता, त्यांनी गुडघे टेकले. वीतभर माती काढली, थाळी धरली, ऐकलं. आणखी काढली, पुन्हा ऐकलं. पार कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा मुठीत मातीचा एक गोळा घेऊन वर आले. नाणं नव्हतं. अक्रोडाएवढं पितळी घुंगरू होतं, कुणाच्या तरी गाडीच्या घोड्याच्या गळ्यातून कधीकाळी गळून पडलेलं. ओढ्यात धुतलं, काडीने आतली माती काढली, आणि कानाजवळ नेऊन हलवलं.

त्यांचा चेहरा मी तुम्हाला कागदावर कसा दाखवू! "वाजतंय," म्हणाले. "बेरिल, अजून वाजतंय! ऐक!" माझ्या कानाशी धरून हलवलं, मी मान डोलावली, आणि मग आम्ही दोघं त्या चिखलात उभे राहून रडलो. हो, रडलो, त्यात लाजायचं काय? लारवूडबाईंना निम्मा वाटा द्यायला गेलो तेव्हा त्यांनी घुंगरू उलटंसुलटं करून परत दिलं. म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडं. माज्या घरात वाजनाऱ्या वस्तू लई झाल्यात." आणि पुढच्या सुगीपासून टेकडीमागचं शेत घ्या म्हणाल्या, केकमध्ये मात्र मनुका वाढवायला सांगितलंय. आज सकाळी खोदयंत्रं आत शिरली. आम्ही बघायला गेलो नाही.

आता घरात यंत्र सकाळी उठल्यापासून कानात असतं. त्यांना फ्रिजचा आवाज ऐकू येतो, जिन्याची तिसरी पायरी ऐकू येते, शेजारचा पोपट ऐकू येतो आणि तो फार वाईट बोलतो असं त्यांचं मत झालंय. मी कपाटाआड उभी राहून चॉकलेटचा कागद उलगडला तर दिवाणखान्यातून विचारणा होते, "मला?" सुख म्हणतात ते थोडं गैरसोयीचंच असतं. पण मी सकाळी म्हटलं, आज हवा बरी आहे, आणि वन्सं, दुसऱ्या खोलीतून उत्तर आलं, हो, बरी आहे. मी हातातलं काम टाकून खुर्चीत बसले.

गुडघ्याला जपा. जिने चढू नका, डॉक्टरला चढू दे. मुरांब्याबद्दल पुन्हा एकदा आभार, आणि सीगलला काही देऊ नका.

तुमची,
बेरिल

ता. क. किटलीची टोपी आता किटलीवर परत जाणार नाही असं दिसतं. नवी पाठवायची झाल्यास गोंडा नसलेली पाठवा.

ता. क. दुसरा. हे फक्त तुमच्यासाठी. वन्सं, ते घुंगरू मला ऐकू आलं नाही. कानाशी धरून हलवलं तरी नाही. मी मान डोलावली ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. आणि शेतात मला त्या कुजबुजी ऐकू यायच्या त्याचं कारण, मी आवाजाचं बटण पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. आता इतकं सगळं बोलून झाल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा मला एक आठवडा स्कारबरोला बोलवा. गुडघ्याच्या शुश्रूषेसाठी भावजय हवी आहे असं क्लिफर्डला कळवा, म्हणजे तो येणार नाही, आजारपणाला तो घाबरतो. आणि तुमच्या रस्त्यावर ती कान तपासणारी बाई बसते ना, तिच्याकडे माझी वेळ घेऊन ठेवा. यातलं या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. खरं म्हणजे हे लांबलचक पत्र त्याचसाठी लिहिलं.

मुरिएलताई, हे मी, क्लिफर्ड. बेरिल टपालाचं तिकीट शोधायला वर गेली आहे तेवढ्यात खाली उरलेल्या जागेत लिहितो आणि पाकीट मीच चिकटवून ठेवतो. पत्र मी वाचलेलं नाही. गरजच पडली नाही, कारण बेरिल लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणते, आणि मी शेजारच्या खोलीत घुंगरू पुसत बसलो होतो. स्कारबरोची तिकिटं दोन काढतो आहे. त्या बाईकडे वेळ घेऊन ठेव. तपासणीला जाताना मी सोबत असेन, म्हातारं व्हायचं तर दोघांनी मिळून झालेलं बरं. ती लिहिताना बोलते हे मला माहीतच नव्हतं गं, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी. फार बरं वाटतं ऐकत बसायला. तिला यातलं काही कळवू नकोस. नाहीतर मनातल्या मनात लिहायला लागेल.